बॅटरीच्या खोलीतला हिवाळा

ऑन्टॅरिओत ऑक्टोबर संपत आला की मोटरसायकलवाल्यांचं लक्ष थंडीपेक्षा मिठाकडे असतं. थंडी चार कपडे जास्त चढवून सोसता येते. मिठाचं तसं नाही. बर्फाचा अंदाज आला की रस्त्यांवर मीठ टाकणारे ट्रक फिरू लागतात, आणि ते खारं पाणी एकदा चेनवर, स्पोकवर, सायलेन्सरवर उडालं की गंज ठरलेला. मग आमच्या वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो. जागा आहे का, एवढंच विचारतात. गाडी एप्रिलपर्यंत आमच्याकडे राहणार, हे त्यांनाही माहीत असतं आणि आम्हालाही.

टोरंटोच्या पश्चिमेला एका डीलरकडे मी सर्व्हिस विभागात काम करतो. हिवाळ्यासाठी गाडी ठेवायला घेतली की कामं ठरलेली असतात: धुणं, ऑइल बदलणं, टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल टिकवणारं औषध घालणं, टायरमध्ये थोडी जादा हवा, वर कापडी कव्हर. हे सगळं कुणीही करतं. बॅटऱ्या मात्र माझ्याकडे येतात, कारण माझं लहानपणच बॅटऱ्यांत गेलं. इचलकरंजीला आबांचं बॅटरीचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ओळीनं चार्जिंगला लावलेल्या असायच्या, आणि शाळेतून आलो की हायड्रोमीटर घेऊन एकेका सेलमधल्या आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, बघायची आणि बॅटरीच्या डोक्यावर खडूनं लिहायची, हे माझं काम. बाराशे साठ, बाराशे पन्नास, आणि मधेच एखादा सेल अकराशे ऐंशी. आबा लांबूनच विचारायचे, "कुठला सेल पडलाय रं?"

इकडच्या बहुतेक बॅटऱ्या बंद असतात. हायड्रोमीटर घालायला त्यांना झाकणंच नसतात. त्यामुळे सगळा भरवसा मल्टीमीटरवर. पण मीटरही फसवतो. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी तेरा व्होल्टच्या आसपास दाखवते आणि गिऱ्हाईक खूश होतं. तो वरवरचा चार्ज असतो. बॅटरी काढून रात्रभर बाजूला ठेवायची आणि सकाळी मोजायची. १२.८ आले तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे पावभरच उरली समजायची. म्हणून नोव्हेंबरात माझ्या टेबलावर नेहमी कालच्या बॅटऱ्या असतात, आजच्या नाहीत. समोरच्या माणसाला ते पटत नाही. त्याच्यासमोर मोजून आकडा सांगावा अशी त्याची इच्छा असते.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. हे सगळ्यांना पाठ असतं, पण असं का ते विचारलं तर चारातले दोघे गप्प होतात. गाडीची सगळी चासी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर ठेवून पॉझिटिव्हचा बोल्ट सोडायला गेलात आणि पाना टाकीच्या किंवा फ्रेमच्या पत्र्याला टेकला, की थेट शॉर्ट. निगेटिव्ह आधी सुटलेलं असेल तर पाना कुठंही लागला तरी काही होत नाही. जुन्या पाण्याच्या बॅटरीला बाजूनं एक बारीक रबरी नळी असते, आम्लाचे थेंब आणि वाफ खाली सोडायला. ती कुठून कुठे गेली आहे याचा फोटो मी काढून ठेवतो. वसंतात बसवताना ती दुमडली किंवा चेनच्या बाजूला पडली तर आम्ल स्विंगआर्मवर ठिबकतं आणि रंग सोलून निघतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर असला तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं. इचलकरंजीतही सोडाच होता आणि इथेही सोडाच आहे.

मोटरसायकलच्या बॅटरीतली सगळ्यात छळणारी गोष्ट मात्र तिचा चौकोनी नट. टर्मिनलच्या खोबणीत तो नुसता सरकवलेला असतो, आणि बोल्ट सुटला की खाली बसतो. बसवताना वरून बोल्ट घालावा तर नट तळाशी, बोल्टचं टोक त्याला पोहोचत नाही. एका हातानं वायर धरा, दुसऱ्या हातानं बोल्ट, आणि नट वर उचलायला तिसरा हात कुठून आणायचा? त्यात गाडीच्या सीटखाली बोटं जेमतेम जातात. तेवढ्यात नट घरंगळतो आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी जाऊन पडतो. यावर माझा उपाय म्हणजे पॅकिंगच्या स्पंजचा चिंचोळा तुकडा. तो खोबणीत नटाच्या खाली दाबून बसवायचा. नट वर उचलला जातो, बोल्ट पहिल्या फेरीलाच धरतो, स्पंज तिथेच राहिला तरी बिघडत नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी इतर काही शिकवण्याआधी हे शिकवतो. एक पंजाबी सहकारी त्यासाठी पेट्रोलच्या जुन्या नळीचे तुकडे खिशात घेऊन हिंडतो आणि म्हणतो, "भाजी, स्पंज गल जाता है, रबर रखो।" आमचा हा वाद मिटलेला नाही.

काढलेल्या बॅटऱ्या मागच्या खोलीत फळ्यांवर जातात. प्रत्येकीवर गाडीचा नंबर, तारीख, व्होल्ट. समोर छोट्या चार्जरांची रांग. हे चार्जर आबांच्या दुकानातल्यासारखे गुरगुरणारे नाहीत. बॅटरी भरत आली की ते आपोआप हात आखडता घेतात. आधी १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन भरतात, मग १३.२ ते १३.६ च्या दरम्यान नुसतं धरून ठेवतात. पलीकडे कुणाच्या तरी गॅरेजात अजून जुना, न थांबणारा चार्जर असतो. तो महिनोन्‌महिने थोडा थोडा करंट रेटत राहतो, आतलं पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात. अशी बॅटरी उचलली की हलकी लागते, आणि कधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पाण्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला असताना मी खोलीचा पंखा बंद करू देत नाही. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते.

आता मुद्द्यावर येतो. इथे सगळ्यांचा समज असा की थंडी बॅटरी मारते. म्हणून लोक बॅटरी काढून घरात, भट्टीशेजारी, गरम पाण्याच्या टाकीला चिकटवून ठेवतात. माझं मत बरोबर उलट आहे. बॅटरी आपोआप उतरते ती उष्णतेनं. तापमान दहा अंशांनी खाली गेलं की तो वेग साधारण निम्म्यावर येतो. पूर्ण भरलेली आणि गाडीपासून सोडवलेली बॅटरी गार गॅरेजात ठेवली तर भट्टीशेजारी ठेवलेलीपेक्षा सुखात असते. थंडी मारते ती अर्ध्या बॅटरीला.

कारण सरळ आहे. बॅटरी भरलेली असते तेव्हा गंधकाम्ल पाण्यात मिसळलेलं असतं, आणि ते मिश्रण गोठायला उणे ६० च्या आसपास जावं लागतं. एवढी थंडी इथे पडत नाही. पण बॅटरी जसजशी उतरते तसतसं ते आम्ल प्लेटांत जाऊन बसतं आणि मागे उरतं ते पाण्याच्या जवळचं काहीतरी. अर्ध्यावर आलेली बॅटरी उणे २५ च्या जवळपास गोठू शकते. पूर्ण उतरलेली उणे १० लाच. आबांच्या दुकानात मी खडूनं लिहायचो ते आकडे याच गोष्टीचे होते. बाराशे सत्तर म्हणजे आम्ल पाण्यात आहे, अकराशे वीस म्हणजे प्लेटांत गेलं. इचलकरंजीत अकराशे वीसवाली बॅटरी फक्त गाडी चालू करत नसे. इथे ती फुटते.

आणि ती अर्धी कशी होते? गाडी बंद असली तरी तिच्यात घड्याळ चालू असतं, चावी ओळखणारं यंत्र जागं असतं, कुणी अलार्म बसवलेला असतो. समजा हे सगळं मिळून पाच मिलिअँपिअर खातं. दिवसाला ०.१२ अँपिअर-तास. बॅटरी १२ ची असेल तर शंभर दिवसांत रिकामी, आणि पन्नास दिवसांत अर्धी. नोव्हेंबरच्या शेवटी गाडी ठेवली तर पन्नास दिवस म्हणजे जानेवारीचा मध्य. नेमके तेच दिवस इथे सगळ्यात गार. गिऱ्हाईकांना मी हे गणित कागदावर करून दाखवतो. रसायनशास्त्र सांगून उपयोग होत नाही, भागाकार मात्र पटतो.

जानेवारीत एक गृहस्थ बागेतल्या शेडमध्ये ठेवलेल्या गाडीची बॅटरी घेऊन आले होते. गाडी आमच्याकडची नव्हे, त्यांनी स्वतःच ठेवलेली. पिशवीतून काढली तेव्हा तिच्या बाजू फुगलेल्या होत्या, वरचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं. हलवून पाहिली तर आत काही हलत नव्हतं. ते म्हणाले, चार्जर लावून बघा. अशा वेळी आधी चार्जरची वायर लांब ठेवायची. गोठलेल्या बॅटरीत करंट घातला तर आत वायू अडकतो, आणि ती फुटली तर आम्ल तोंडावर येतं. मी ती प्लॅस्टिकच्या टबात ठेवली, खाली सोडा पसरला. दुपारपर्यंत बर्फ वितळलं तसं एका चिरेतून थेंब थेंब बाहेर येऊ लागलं आणि सोड्यावर फेस धरला. एका सेलची प्लेट वाकून शेजारणीला टेकली असावी. तो सेल पुढे काहीच धरेना. चौकशी केली तेव्हा कळलं, ठेवताना त्यांनी हँडल लॉक करून चावी काढली होती. काही जपानी गाड्यांच्या चावीला 'लॉक'च्या पुढे आणखी एक खूण असते, पी. गाडी अंधारात रस्त्याकडेला उभी करायची असेल तर मागचा दिवा आणि पुढची बारीक बत्ती लागलेली राहावी म्हणून. चावी एक खटका जास्त फिरली की ती तिथे जाते, आणि तिथूनही निघून येते. माणूस कव्हर घालून निघून जातो, आत दिवा जळत राहतो. दहा-बारा वॅटचे बल्ब रात्रीतून दहा अँपिअर-तासांची बॅटरी झोपवतात. त्यानंतर आठवडाभरात उणे १८ झालं की खेळ संपला. तेव्हापासून गाडी घेताना मी कव्हर टाकण्याआधी मागच्या दिव्यावर हाताची सावली धरून बघतो.

गोठली नाही तरी अर्धी बॅटरी वाचते असं नाही. प्लेटांवर जमलेलं लेड सल्फेट ताजं असताना चार्जिंगला लावलं की परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होतात, मग कितीही करंट घाला, ते हलत नाहीत. मीटर १२.६ दाखवतो, स्टार्टर दाबला की नुसती टकटक. हे व्हायला बर्फ लागत नाही. २०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला तेव्हा इचलकरंजीत गाड्या उन्हाळाभर दारात उभ्या राहिल्या. जूनमध्ये दुकान उघडलं तेव्हा आबांच्या दारात रांग. फोनवर मी म्हटलं, आबा, इकडं हिवाळ्यात होतं ते तिकडं उन्हाळ्यात झालं. ते म्हणाले, "आरं, गाडी उभी राहिली की बॅटरी बसणारच. त्याला बर्फ कशाला पायजे?" तेव्हा बऱ्याच जणांच्या गाडीला निदान किक होती. आता नव्या इंजिनाच्या साडेतीनशे बुलेटलाही किक येत नाही, आणि इंजिनाला पेट्रोल देणारा पंप बॅटरीवर चालतो. ढकलून चालू करायचे दिवसही जवळपास गेले.

काही गिऱ्हाईकांना मात्र बॅटरी काढलेली आवडतच नाही. ते म्हणतात, आम्ही दर रविवारी गॅरेजात जाऊन गाडी दहा मिनिटं चालू ठेवतो. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण गार इंजिन फिरवायला स्टार्टर जो ओढा घेतो तो नुसत्या आयडलवर भरून निघणं कठीण. जुन्या गाड्यांत आयडलला अल्टरनेटर जे देतो ते हेडलाइट आणि इग्निशनच खाऊन टाकतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून एकदा गाडी चालू करण्यापेक्षा तिला हात न लावणं बरं. सिमेंटच्या फरशीवर बॅटरी ठेवली की उतरते, असं सांगणारेही भेटतात. बॅटरीचे डबे रबराचे आणि लाकडाचे होते त्या काळी त्यात तथ्य होतं. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही. तरी मी लाकडी फळीवरच ठेवतो, कारण जमिनीवरच्या बॅटरीला कुणीतरी लाथ मारतोच.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या वाढल्यात. वजन कमी म्हणून हौशी लोक घालतात. हातात घेतली की आत काही नाहीच असं वाटतं. त्यांचं सगळं तंत्र वेगळं. शून्याच्या खाली त्यांना चार्जिंग लावायचं नाही. आयन आत शिरण्याऐवजी धातू होऊन बाहेरच जमतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. शिसाच्या बॅटरीला जिवंत करण्यासाठी काही चार्जर जादा व्होल्टचे झटके देतात, तेही या बॅटरीला चालत नाहीत. आमच्या खोलीत त्यांची फळी वेगळी आहे आणि त्या फळीजवळ मी एकही चार्जर ठेवलेला नाही. सोडवून ठेवली की ती वसंतापर्यंत जवळजवळ तेवढीच राहते. गार सकाळी ती सुस्त असते, स्टार्टर अडखळतो. अशा वेळी हेडलाइट मिनिटभर लावला की आतून थोडी गरम होते आणि मग उठते. मालकांना ती गेली असं वाटतं. दरवर्षी कुणीतरी चांगली लिथियम बॅटरी परत करायला येतं.

मधेच पोर्ट डोव्हरची हुक्की येते. लेक एरीच्या काठावरचं छोटं गाव. १९८१ च्या नोव्हेंबरात तेरा तारखेला शुक्रवार आला तेव्हा काही मोटरसायकलवाले तिथे जमले, आणि तेव्हापासून तेरा तारीख शुक्रवारी आली की तिथे जमायचं, असा रिवाज पडला. उन्हाळ्यात आली तर लाखाच्या वर माणूस. पण कॅलेंडर उन्हाळा बघत नाही. २०२६ मध्ये फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांत तेरा तारीख शुक्रवारीच. असा हिवाळी शुक्रवार जवळ आला की आठवडाभर आधी फोन येतात, माझी बॅटरी बसवून ठेवा. रस्त्यावर मीठ असतं, वारा तळ्यावरून येतो, तरी जाणारे जातात. संध्याकाळी गाडी परत आणतात तेव्हा पुन्हा धुणं, पुन्हा बॅटरी काढणं, पुन्हा नट आणि स्पंज. आमचे मालक त्याचे वेगळे पैसे लावतात. मला विचाराल तर ते कमीच आहेत.

मार्चच्या शेवटी खरी परीक्षा. चार्जर काढून बॅटऱ्या रात्रभर ठेवायच्या, सकाळी व्होल्ट, मग लोड टेस्टर. लोड दिल्यावर साडेनऊच्या खाली घसरली की ती बॅटरी मी गाडीत घालत नाही. अशा थोड्याच निघतात, आणि त्यातल्या बहुतेक ऑक्टोबरातच लंगड्या होत्या. तारखेखाली आकडा लिहिलेला असतो. तरी फोनवर तेच ऐकू येतं: ठेवली तेव्हा तर एका दमात चालू होत होती. ते खरंच असतं. ऑक्टोबरात, गरम इंजिनावर, ती चालू होत होती. मी वहीतला आकडा वाचून दाखवतो, पलीकडे थोडा वेळ शांतता, मग किंमत विचारतात.

नवी घेतली की जुनी परत द्यायची, नाहीतर बिलात तिचे वीसेक डॉलर लागतात. शिसं वाया जात नाही, वितळवून पुन्हा प्लेटाच होतात. इचलकरंजीत भंगारवाला किलोवर घ्यायचा आणि आबा पाणी काढून वजन करायचे, त्यावरून दोघांची रोज हुज्जत. इथे हुज्जत घालणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या वसंतात त्यांची बॅटरी बदलली तेव्हा त्यांनी जुनी घरी नेली, कारण ती "अजून बल्ब पेटवते". या ऑक्टोबरात गाडी ठेवायला आले तेव्हा तीच बॅटरी पिशवीत घेऊन आले आणि म्हणाले, हिलाही चार्जिंगला लावा, फळीवर जागा आहे ना. मी मोजली, ११.४. वीस डॉलर परत घ्या आणि ही इथेच ठेवून जा, असं सांगितलं. अर्धा तास बोलून ते तयार झाले, पावती घेतली, आणि मग विचारलं की हिच्यातलं आम्ल काढून दिलं तर चालेल का, पत्नीला गुलाबांसाठी हवंय. नाही म्हटलं.